आमच्या दुसऱ्या अल्बमला लागलेली हळद

अन्याय आमच्या रॉक बँडवर झाला, आणि तो मंगळवारी भर दुपारी, दुसऱ्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, तिसऱ्या कडव्याला झाला.

पहिली कॅसेट अख्ख्या हुलसुरात फक्त आमच्या अक्कानं ऐकली होती (तीही भाकरी थापता थापता). म्हणून सगळी भिस्त दुसरीवर! त्यात गिटार वाजवणारा चुलतभाऊ बसू त्याच संध्याकाळी कारखान्याच्या नोकरीला पुण्याला निघालेला. आज नाही तर कधीच नाही! बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून अक्काच्या घरातल्या झाडून सगळ्या घोंगड्या भिंतींवर टांगल्या. ड्रम कुठला? हलगी! गाणं अंधश्रद्धेविरुद्धच्या माझ्याच पत्रकातून उचललेलं : 'देवाला इचारू नका, मागं वळून बघा!'

घोंगड्यांत जीव उकडून निघाला, तेव्हा अक्कानं दार उघडलं. तिथंच घात झाला. गल्लीला काय दिसलं? हलगी कडाडतेय आणि मी खांद्यापर्यंतचे केस मोकळे सोडून, डोळे मिटून, गदागदा घुमतोय! (रॉकमध्ये असंच करतात. केबलवर बघितलं होतं.) मंगळवार तर देवीचाच वार. बाया नारळ घेऊनच आल्या!

शेजारच्या कोंडाबाई मावशीनं माइकसमोर पदर पसरला. "आई, माजी म्हैस कुटं गेली गं?" (मला मिशी होती!)

मी तालात होतो. "मागं वळून बघाऽऽ!"

मावशी वळली. म्हैस अंगणात अक्काचा कडबा खात उभी!

"ओ मावशी, देवी न्हाई मी! रॉक हाय हे, रॉक!"

"व्हय आई, रॉक हाय," म्हणत तिनं गिटारला हळद लावली.

"अक्का, हाकल की यांना!"

"कामून हाकलू? तुजं गाणं ऐकायला पयल्यांदाच कुणी आलंय!"

"बसू, पुन्हा रेकॉर्ड करू."

"कवा? मी जायलोय की, अण्णा. ऱ्हाऊ दे म्हशीसकट."

जाता जाता कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, बी साईडला, त्यानं एकच गाणं म्हटलं, गाव सोडण्याचं, एकट्यानं. हलगीवर कुणाचा हात पडला नाही. अक्का घोंगड्या काढायचं विसरली.

कॅसेट हातोहात खपली! दुकानदारानं ती भजनांच्या फळीवर मांडली होती. पार कमठाणा गावापर्यंत कुणाचं काही हरवलं की लोक ती लावतात, कॅसेटमधली म्हैस सापडेपर्यंत ऐकतात आणि पुन्हा सुरुवातीला आणतात. बी साईड कुणी लावतच नाही! बसू पुण्याहून फोन करतो तेव्हा एवढंच विचारतो, "अण्णा, माजं कुणी ऐकलं का?"

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. देवघरातली कॅसेट उचला, कुंकू पुसा, उलटी करा आणि बसूचं गाणं शेवटपर्यंत ऐका. आजच!

आणि ऐकताना काही हरवलेलं सापडलंच, तर कृपा करून मला कळवू नका.