दोन बोटांची जागा

टायरच्या दुकानात जुने टायर साचतात, तसे किस्सेही साचतात. टायर तरी कोणी होडीच्या कडेला बांधायला नेतो, कोणी आंब्याला झोपाळा करायला. किस्से कोणी उचलत नाही. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, पण रत्नागिरीत उभा जन्म चाकांपाशी बसून गेला. त्यातल्या एकाच गाडीचं सांगतो.

*

गाडी विजयची. विजय आमच्याच वाडीतला. मुंबईची नोकरी संपवून गावी आला तो पिकप घेऊनच. आल्या आल्या खाली ठोकळे घालून ती दोन इंच वर उचलून घेतली आणि रुंद, मोठे टायर ऑनलाइन मागवून माझ्याकडे बसवायला आणले.

"अण्णा, यंदा जयंतीच्या मिरवणुकीत माझी गाडी पुढे. रुबाब दिसला पाहिजे."

गेल्या वर्षी भाड्याचा टेम्पो विहाराच्या कोपऱ्यावर अडकला होता. मागे-पुढे, मागे-पुढे. वर बसलेल्या बायका एकमेकींवर आपटल्या, आणि मिरवणूक उन्हात उभी. यंदा विजयने महिला मंडळाला शब्द दिला होता, की एका फटक्यात वळवीन. पस्तीस वर्षं गावाबाहेर काढलेल्या माणसाचा गावात दिलेला हा पहिला शब्द.

मी म्हटलं, "वळताना हे टायर मडगार्डला घासतील."

"दोन इंच उचललीय ना गाडी!"

"लुंगी वर खोचली म्हणून पोटाचा घेर कमी होत नाही, विजय."

तो माझ्या लुंगीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बसवा तुम्ही."

बसवले.

*

त्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कोणी माणूस हेच टायर घालून गाडी हाणत होता. कुठे घासत नव्हतं.

मी सगळा बघितला. घाई कसली. शेवटी विचारलं, "ह्याच्या गावात वळण कधी येतं?"

विजयने व्हिडिओ पुढे नेला. आणखी पुढे नेला.

"अजून आलं नाय," म्हणाला.

*

विजयचे थोरले भाऊ रिटायर मास्तर. ते वही घेऊन आले. टायरवर तीन आकडे असतात. पहिला रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा, इंचात. तिघा सोयऱ्यांनी मिळून एक लग्न ठरवावं, तसं ते काम. मास्तरांनी अर्धा दिवस घालून गणित सोडवलं आणि सांगितलं, "बसतो. एकोणीस मिलिमीटर जागा उरते."

मी चाक शेवटपर्यंत वळवलं आणि मडगार्डच्या फटीत बोटं घातली. "एक बोट जातंय. दोन जायला हवीत."

"बोट हे काय माप झालं? कोणाचं बोट?"

"माझं. फटीत तेच जातं, मास्तर. वही जात नाही."

*

आठवड्याने विजय हसत आला. "अण्णा, माल भरून डावीकडे वळताना खर्रर्र आवाज यायचा तो बंद झाला."

मला बरं वाटलं. "काय केलंस?"

"गाणी लावली."

*

मिरवणूक चार दिवसांवर आली, तेव्हा मी म्हटलं, रिकाम्या गाडीचं काही खरं नाही. भार भरून बघू. वर पंधरा बायका बसणार. मास्तर घरोघर फिरून प्रत्येकीचं वजन विचारून वहीत लिहून घेऊन आले. तेवढ्या वजनाचे जांभ्याचे चिरे आम्ही गाडीत भरले, कुठे घासतं ते कळावं म्हणून टायरला खडू फासला, स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवलं. कडेचा खडू थोडा पुसला, पण टायर कुठे अडत नव्हता.

विजय खूश. मी वहीवर नजर टाकली. अक्षरं जेमतेम लागतात, पण आकडे कळतात. पंधराजणींत पन्नास किलोच्या वर एकही नव्हती.

"उद्या बायकांनाच बोलवा," मी म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी महिला मंडळ दुकानात हजर. पुढे अध्यक्षा सुलभावहिनी. पंधराही जणी गाडीत चढल्या, दाटीवाटीने बसल्या. गाडी खाली बसली. विजयने स्टेअरिंग वळवलं आणि खर्रर्र. गाणी नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. टायरवरचा खडू साफ.

मास्तरांनी वही उघडली. वहिनींनी वरून मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी वही मिटली.

"काय झालं हो अण्णा?" वहिनींनी मला विचारलं.

पंधरा तोंडं माझ्याकडे.

"काय नाय वहिनी," मी म्हटलं, "गाडीची स्प्रिंग जुनी झालीय."

गाडी तीन महिन्यांची होती.

*

गाडीचे मूळचे टायर विजयने विकून टाकले होते, आणि बारीक टायर कोल्हापूरहून यायला आठवडा लागणार होता. विजय दोन दिवस नीट जेवला नाही. "भार कमी करायला पाचजणींना उतरा म्हणून कोण सांगणार, अण्णा? आणि कुठल्या पाच?"

मिरवणुकीच्या दिवशी मी आधीच विहाराच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. ढोल वाजत होते. निळे झेंडे, फुलांनी भरलेली गाडी, वर पांढऱ्या साड्यांत पंधरा बायका. विजयचा चेहरा काचेतून दिसत होता. घामाने डबडबलेला.

वळण दहा पावलांवर आलं, आणि सुलभावहिनींनी केबिनच्या टपावर हात आपटला. गाडी थांबली.

"चला गो, वळणापुरतं नाचून घेऊ," म्हणत वहिनी पहिल्या उतरल्या. मागोमाग सगळ्या. रस्ताभर फेर धरला.

त्यांच्यामागून विजयने रिकामी गाडी वळवली. एका फटक्यात. कुठे आवाज नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे बायका एकेक करून परत वर चढल्या.

वहिनी शेवटी राहिल्या. पदर खोचत माझ्यापाशी आल्या.

"स्प्रिंग जुनी आहे ना तिची," म्हणाल्या. "म्हटलं, जरा जपावं."