काडी ठेवलेला पो

न्यूझीलंडच्या आणि आपल्या कुरणांत पडून राहिलेल्या शेणातून निघणाऱ्या वायूंची तुलना, हा माझा कॉलेजचा प्रकल्प. अणदूरच्या माळावर एक मावशी गुरांमागं पाटी घेऊन चालत होत्या. शेणाचा पो दिसला की त्यावर काडी ठेवायच्या. काडी ठेवलेला पो दुसरं कुणी उचलत नाही.

मी भीतभीत एक पो आठवडाभर तिथंच राहू द्यायला सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं.

"तिकडं सगळं रानातच पडू देतात? लई श्रीमंत दिसतेत!" त्या हसल्या. मग अर्ध्या पाटीकडं बघत म्हणाल्या, "गोवऱ्या कमी पडतेल पोरी. पर ऱ्हाऊ दे तुझा."

आठवड्यानं गेले. सगळा माळ वेचलेला होता. माझा पो तेवढा वाळून तिथंच होता, काडीसकट.