मनोऱ्याखालचे गाइडसाहेब

शहर दाखवणं हा गाइडसाहेबांचा पोटापाण्याचा धंदा. कुठल्या बाजारात घासाघीस करायची आणि कुठल्या हॉटेलात नुसतं पाणी पिऊन निघायचं, हे त्यांना तोंडपाठ. पण उंचीची त्यांना भारी भीती, त्यामुळे उंच मनोऱ्यावर ते कधी चढलेच नव्हते. मग बाकावर बसूनच ते हातवारे करत सांगत, "वर गेलात की उजवीकडे नदी, आणि समोर पिवळा घुमट दिसेल, तो जुना राजवाडा!" हे सगळं नकाशावरून जुळवलेलं. पाहुणे माना डोलावत लिफ्टमध्ये शिरत.

एकदा सासूबाई आल्या. गुडघ्यांच्या नावाखाली घरात पाण्याचा पेलाही हातात मागणाऱ्या बाई, लिफ्ट दिसताच पाहुण्यांच्या पुढे तरातरा चालू लागल्या. गाइडसाहेब आपले बाकावर.

खाली आल्या त्या हसू दाबतच. "जावईबापू, नदी डावीकडे आहे. आणि तुमचा राजवाडा म्हणजे पाण्याची टाकी. तिला पिवळा रंग दिलाय."

गाइडसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. "पाहुण्यांच्या लक्षात आलं?"

"छे! सगळे टाकीकडे बघून 'वा, वा' करत होते. एकटाच एक शहाणा म्हणाला, ही टाकी दिसतेय."

"मग?"

"मग काय! माझ्या देखत माझ्या जावयाला खोटं पाडतो म्हणजे काय? चांगला फैलावर घेतला. म्हटलं, टाकी असेल तुमच्या गावात, आमच्याकडे त्यात राजे राहतात!"