दुपट्ट्याखालचं बोट

बैलाचा सौदा आमच्याकडे तोंडानं होत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव सांगत. भोवती कितीही माणसं उभी असली तरी त्यांना काही कळत नसे. चामोर्शीच्या बाजारात माझं अर्धं आयुष्य त्या कापडाखाली गेलं. वडिलांनी मागं काही ठेवलं नव्हतं. बैल-बकऱ्या विकूनच मी मूल गावात पक्कं घर बांधलं.

माझ्या मुलीचा चंद्रपूरच्या निवासी शाळेत नंबर लागला, तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. महिनाही झाला नाही तोच शाळेनं बोलावून घेतलं. वसतिगृहाच्या बाई व्हरांड्यात, साऱ्या पोरींच्या देखत म्हणाल्या, "रोज गादी ओली करते. घरी न्या. दिवाळीनंतर कोरडी राहत असली तर आणा, नाही तर जागा दुसरीला जाईल."

मी त्यांना तिथंच काय काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. पोरगी बसस्टँडपर्यंत माझ्या मागून चालत आली, बरोबरीनं नाही.

रोज सकाळी तिला विचारायचं कसं? घरात तिचे दोन भाऊ चिडवायला टपलेले. मग मी तिला दुपट्टा शिकवला. एक बोट दाबलं तर कोरडी, मूठ दाबली तर ओली. पहिल्यांदा ती हसली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं. "संडासला रोज होते का गं?" पोरीनं नाही म्हणून मान हलवली. गावातल्या शाळेचं संडास कायम कुलूपबंद, म्हणून दिवसभर दाबून धरायची सवय तिला पहिलीपासूनची. बाई म्हणाल्या, "पोट साचलेलं आहे, त्याचा दाब लघवीच्या पिशवीवर येतो. ही पावडर रोज द्या, भरपूर पाणी पाजा, जेवण झालं की संडासात बसवा. काही महिने लागतील."

"महिने? दिवाळीपर्यंतच मुदत आहे, बाई. काई कमी-जास्त करा ना."

"शरीराशी घासाघीस होत नाही, भाऊ."

मी तणतणत बाहेर आलो. खात्री द्यायला तोंड उघडत नाही, तो कसला डॉक्टर?

बाजारातल्या एका ओळखीच्यानं मणक्यांचा इलाज करणारा सांगितला. चंद्रपुरात दुकानाच्या वरची खोली, दारावर 'कायरोप्रॅक्टिक' असा बोर्ड, आत टेबलावर प्लास्टिकचा मणका. त्यानं पोरीला पालथं झोपवलं आणि पाठीवरून हात फिरवला. तो हात मला ओळखीचा वाटला. बैलाची पाठ दाबणारा मुरलेला व्यापारी बैलाकडे बघत नाही, मालकाच्या तोंडाकडे बघतो. हा माझ्याकडे बघत होता.

"कमरेचा मणका सरकलाय, काका. नस दबली. दिवाळीपर्यंत मोकळी करून देतो."

"पक्कं?"

"पक्कं."

हा शब्द मला हवा होता. त्याचा भाव पाडून, मिशीवर ताव देतच मी जिना उतरलो.

आठवड्यातून दोनदा आम्ही एसटीनं जायचो. तो तिची मान वळवायचा, कमरेत कट् असा आवाज काढायचा. पोरगी टेबलाची कड घट्ट धरायची. बायको म्हणाली, "अवो, ते पावडर तं द्या तिले."

"एका वेळी दोन इलाज नाई म्हणते तो. तू मधात बोलू नको."

पावडरचा डबा फळीवर तसाच राहिला. सकाळी दुपट्ट्याखाली मूठच यायची.

दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी एक बोट आलं. दुसऱ्या दिवशीही. मी तिची ट्रंक माळ्यावरून काढून पुसून ठेवली. तिसऱ्या दिवशी बोट जरा जास्त वेळ धरलं. गार पडलेलं होतं ते, टोकाला सुरकुत्या. अंगाला कपड्याच्या साबणाचा वास. मागच्या अंगणात नळाजवळ चादर वाळत होती.

"हे काय?" मी ओरडलो.

"तुम्ही ट्रंक काढली ना, बाबा..." एवढंच ती म्हणाली.

त्याच दिवशी मी मणकेवाल्याची खोली गाठली. तो म्हणाला, "पोरगी घाबरट आहे, काका. अंग सैल सोडत नाही. अजून चार वेळा आणा." मी त्याचा प्लास्टिकचा मणका जिन्यावरून खाली भिरकावला. लोकांनी मला धरलं, त्याला नाही.

दिवाळी झाली. शाळेत फोन केला, तर जागा भरली म्हणाले. मणकेवाल्याचा बोर्ड अजून तिथंच आहे. गावच्या शाळेतल्या संडासाचं कुलूपही.

आता पावडर चालू आहे. जेवण झालं की बायको तिला बसवते. पोट थोडं मऊ झालंय म्हणते. मी सकाळी सवयीनं दुपट्टा पुढं करतो. पोरगी चहाची कपबशी दोन्ही हातांत धरून बसलेली असते.

"आता काऊन विचारता, बाबा?"

माझा हात कापडाखाली तसाच राहतो.