जिंकायची ओळ नसलेला खेळ

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. देवळासारखं. आत एका मशिनवर दोघं, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. तेवढ्यात आम्ही जे खेळायचो, ते आजच्या पोरांना खेळ वाटणार नाही. चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं: तुम्ही कोरड्या विहिरीत आहात, उत्तरेला दार आहे. आपण टाइप करायचं, उत्तरेला जा. चुकलं की मेलात. डिक्शनरी मांडीवर घेऊन आम्ही कितीदा मेलो. इतकं सुखाचं मरण नंतर कुठे मिळालं नाही.

माझा जोडीदार माझ्याच तालुक्यातला, गिरणाकाठच्या खेड्यातला. बौद्ध घरातला, डिप्लोमापर्यंत पोचलेला त्या घरातला पहिलाच. प्रवेश राखीव जागेवर, तोही कच्चा. दिवाळीपर्यंत जातीचा दाखला आणला नाही तर जागा रद्द. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जुनी जात, याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. तालुक्याच्या कचेरीतला कारकून म्हणे, हे एकाच घरातले कशावरून? तलाठ्याचं पत्र आणा. तलाठी म्हणे शाळेचं आणा, शाळा म्हणे कचेरीचं आणा. घराने धर्म बदलला, म्हणून पोराने आपलाच बाप सिद्ध करत फिरायचं. तालुक्याचं नाव लिहीत नाही. अशी कचेरी कुठे नाही ते सांगा.

त्याने याचाच खेळ लिहिला. बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. तुम्ही कचेरीत आहात. साहेब जेवायला गेलेत. थांबता की जाता? थांबतो म्हटलं तर ‘उद्या या’. जातो म्हटलं तरी ‘उद्या या’. प्रत्येक दार फिरून पहिल्या ओळीवर. वर्गातली पोरं नंबर लावून हरली.

मी विचारलं, “पण जिंकायचं कसं?”

“ती ओळ लिखेल नही,” तो म्हणाला. “दाखला मन्हा हातमा उना, की लिखसू.”

मी तेव्हा नुकता विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायला लागलो होतो. मला त्या खेळात पत्रक दिसलं. त्याला विचारलं नाही. सगळा खेळ उतरवून घेतला, दोन दाखल्यांच्या भानगडीसकट. स्वतःच्या अक्षरात सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापली आणि बाजाराच्या दिवशी त्याच कचेरीच्या फाटकात प्रती वाटल्या. खाली सही संघटनेच्या रीतीप्रमाणे, नाव न घालता: ‘एक अन्यायग्रस्त विद्यार्थी’. लोक वाचून हसत होते. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या खेपेला तो गेला, तेव्हा पत्रक कारकुनाच्या टेबलावर काचेखाली होतं. तिथे काय झालं ते त्याने खोलीवर येऊन सांगितलं.

“या लेखक,” कारकून म्हणाला. “बसा. अक्षर वळणदार आहे हो तुमचं.”

“मी नाही लिहिलं, साहेब.”

“दोन दाखल्यांची फाइल माझ्याकडे एकच आहे. चौकशीला पाठवतो. उद्या या.”

याचा अर्ज त्याच टेबलावर होता. अक्षर ताडून बघायला दोन मिनिटं लागली असती. ताडून बघायचंच नव्हतं.

मी जाऊन सांगू शकलो असतो, की अक्षर माझं, पत्रक माझं. गेलो नाही. परीक्षा होती, असं मी सगळ्यांना सांगत आलो. परीक्षा नव्हती. फीमाफीसाठी माझा उत्पन्नाचा दाखला त्याच कचेरीतून यायचा होता. तो आलाही, वेळेवर.

त्याची जागा दिवाळीनंतर गेली. सामान बांधताना त्याने खेळाची फ्लॉपी माझ्या वहीत ठेवली. गावात ती कशात घालणार? त्याचा दाखला उन्हाळ्यात पोस्टाने आला, म्हणे. ती ओळ लिहायला तेव्हा त्याच्याकडे मशीन नव्हतं, माझ्याकडे तोंड नव्हतं.

गेल्या वर्षी असोद्याला सभेसाठी गेलो, तर रस्त्याकडेला तो ट्रकमध्ये केळीचे घड रचत होता. मी पत्रक पुढे केलं. बाकीचे लोक वरचा मथळा वाचतात. त्याने आधी खालची सही वाचली.

“आते नाव टाकस?”

“टाकतो.”

“बरं करस,” तो म्हणाला. पत्रकाची चार पदरी घडी घातली, आणि केळं फळीला घासू नये म्हणून ती एका घडाखाली सारली.