भलत्याच परीक्षेत पास

माणूस शहाणपणाच्या भरात किती वेडेपणा करू शकतो, हे ऐकायचं असेल तर जरा बसा. चहा होईपर्यंत सांगते.

मी रसायनीच्या एका कारखान्यात ऑफिसला आहे. माल किती गेला, किती उरला, हे साहेबांनी विचारलं की कॉम्प्युटरच्या डेटाबेसमधून शोधून द्यायचं, हे माझं चार वर्षांचं काम. तो अख्खा डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ पुण्याला चालले, तेव्हा म्हात्रे साहेबांनी मला बोलावलं.

"मनीषा, ही जागा तुला देतो. पण डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं सर्टिफिकेट आण. नाहीतर बाहेरून माणूस घ्यावा लागेल."

आता सर्टिफिकेट काय एक असतं? एक जण म्हणाला, क्लाउडचं कर. दुसरा म्हणाला, कारखान्यात जो डेटाबेस आहे, त्याचंच कर. नवऱ्याने तर वहीत मधोमध रेघ मारून फायदे-तोटे मांडले. ठरवायला पुरता महिना गेला. शेवटी कारखान्यातल्या डेटाबेसचंच ठरलं.

मग तीन महिने अभ्यास. डेटाची रोज नक्कल कशी ठेवायची, सर्व्हर बसला तर सगळं परत कसं उभं करायचं. सासूबाईंनी भाकऱ्या थापायचं काम माझ्याकडून काढूनच घेतलं. "तू वाच गं. मी हाय ना."

आणि परीक्षेचा फॉर्म? तो मी खालापूरहून सुटलेल्या एसटीत, उभ्या उभ्या, मोबाईलवर भरला. दोन मिनिटांत.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं कुणी दिसलं की रद्द. म्हणून सासूबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. शेजारच्या काकू डोकावल्या, तर त्यांना म्हणाल्या, "आज आत कोणी जायचं नाय. आमची सून सायेब होतेय."

पहिला प्रश्न आला. अमुक माल गेल्या महिन्यात किती विकला, हे शोधायला काय लिहाल? मला वाटलं, सुरुवात सोपी करतात. दहा प्रश्न झाले, वीस झाले, सगळे तसलेच. सर्व्हरचं नावसुद्धा नाही. मी पुटपुटले, "अरे, बॅकअप कुठे गेलं?" लगेच स्क्रीनवर सूचना आली, कृपया ओठ हलवू नका.

शेवटचं उत्तर दिलं आणि निकाल दिसला. पास. तेही चांगल्या गुणांनी. सासूबाईंनी पेढे आधीच आणून ठेवले होते. अर्ध्या तासात अख्खी आळी गोड झाली.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत साहेबांसमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"मनीषा, हे डेव्हलपरचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे चार वर्षं जे काम करतेस ते तुला येतं, असं यात लिहिलंय. ते मला माहीत होतं."

फॉर्ममध्ये दोन्ही परीक्षांची नावं एकाखाली एक होती. एसटी गतिरोधकावर उडाली आणि बोट घसरलं, असं मी म्हणू शकते. पण खरं सांगू? नंतर आलेल्या ईमेलात, प्रवेशपत्रावर आणि परीक्षेच्या पहिल्याच पानावर ते नाव ठळक लिहिलेलं होतं. मी प्रत्येक वेळी न वाचता 'पुढे' दाबलं होतं.

घरी सांगताना जीव अर्धा झाला. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "पास झालीस ना?"

"झाले, पण भलत्याच परीक्षेत."

"मग राहिलेली दे. लोकांची एक होत नाय, तुझ्या दोन होतील. फक्त आता पेढे नाय वाटायचे. लोक इचारतील."

साहेब महिनाभर थांबायला तयार झाले. मी खरी परीक्षा दिली. एक पानही न वाचलेल्या परीक्षेत चांगले गुण मिळवलेली मी, तीन महिने घोकलेल्या परीक्षेत काठावर पास झाले.

पण जागा मिळाली. डेटाबेसचा पासवर्ड हातात देताना साहेबांनी एकच अट घातली. एंटर दाबण्याआधी स्क्रीनवर काय लिहिलंय, ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं.

याला वर्ष झालं. अट अजून उठलेली नाही.