लाव्यातला छर्रा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या खाला पिंजऱ्यात वाढलेल्या लावा पक्ष्यातही बंदुकीचा छर्रा शोधायच्या. रुवी बाजारातल्या दुकानातून लाव्यांचं गोठवलेलं पाकीट यायचं, मीठ-कांद्याशिवाय उकडून निवायचं, आणि मग खाला डोळे मिटून मांसाचा धागा न् धागा बोटांनी चाचपायच्या. हे सगळं बेगमसाठी. बेगम म्हणजे आखातातल्या वादी कबीर वस्तीतल्या आमच्या इमारतीखाली राहणारी, एक कान तुटलेली, भलतीच तोऱ्याची मांजर.

"अहो खाला, हे पक्षी फार्मवरचे. यांना कोण गोळी घालणार?" मी चिडवायची.

"छर्रा काय सांगून येतो गो?" त्या डोळे न उघडता म्हणायच्या.

त्यांच्या लहानपणी, गुहागरकडच्या घरी, वडील शिकारीला जायचे. त्यांनी मारून आणलेल्या लाव्यातले छर्रे घरच्या मांजरीच्या पोटात गेले आणि ती खंगून मेली. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून.

हाडांवरही त्यांचा विश्वास नव्हता. "शिजलेलं हाड म्हणजे सुई," म्हणत काडीएवढं हाडही राहू द्यायच्या नाहीत. आणि एवढा खटाटोप करून बेगमला मिळायचं काय? आठवड्यातून एकदा, नखाएवढे दोन-चार तुकडे. ती पायात घोटाळायला लागली की खाला हात झटकायच्या, "खलास! चव घेतलीस ना? आता तुझं रोजचं खा." त्यांचे यजमान, आमचे खालू, सोफ्यावरून म्हणायचे, "माझ्या ताटाकडे कधी इतकं बघितलं नाय हिनं."

खालूंची नोकरी संपली, तिच्याबरोबर व्हिसाही. गावी परतायचं सामान बांधून झालं, पण खालांचा जीव बेगमपाशी अडकला. म्हातारी झालेली ती मांजर दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नव्हती. निघायच्या सकाळी खालांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी जन्माची शाकाहारी, अंडंसुद्धा कधी हातात न धरलेली. तरी "मी बघेन" म्हणून बसले.

रबरी हातमोजे चढवून, नाक मुरडत मी लावा सोलायची. बेगम हुंगायची आणि तोंड फिरवायची. पुढे तिने रोजचं खाणंही सोडलं. रडकुंडीला येऊन मी खालांना व्हिडिओ कॉल केला.

"मोजे काढ आधी," त्या म्हणाल्या. "ती मटण नाय गो हुंगत, हात हुंगते."

मी मोजे काढले, उघड्या बोटांनी तुकडे चाचपले, तळहातावर धरले. बेगमने बराच वेळ विचार केला आणि मग खाल्लं. पडद्यावर खाला पदराने डोळे पुसत होत्या.

"छर्रा बघितलास ना गो?"

"बघितला, खाला. नाही."

यंदा खाला गेल्या. फोन खालूंचा आला. मला जाता आलं नाही, आणि ते सारखं सलतं.

बेगम अजून आहे. मी अजून आठवड्याला लावा उकडते, डोळे मिटते, चाचपते. छर्रा नसतो, कधी असणारही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी बोटं पुन्हा एकदा फिरवते, समोरचं बंद दार उघडून कुणी विचारेल म्हणून.

विचारा ना, खाला.